कंपन चाचणीत सिग्नल तुटतो, म्हणून कनेक्टर बदलायचा का?

नाशिकजवळच्या अंबडमधल्या एका तरुण उद्योजकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमचं गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं छोटं युनिट आहे. विमानाच्या चाचणी उड्डाणांत माहिती नोंदवणाऱ्या एका बॉक्सचं केबलिंग करायची पहिलीच ऑर्डर मिळाली. तापमान उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस, शिवाय कंपन आणि खारं धुकं. आम्ही गाडीत वापरतो तोच चांगला, सीलबंद, आयपी६७ कनेक्टर लावला. टेबलावर सगळं ठीक. शेकरवर, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्रावर, चाळीसेक मिनिटांनी दोन चॅनेल मधूनमधून शून्य दाखवतात, थंड चेंबरमध्ये तिसरंही जातं. उघडून मल्टिमीटर लावला तर कंटिन्युइटी चोख. आता थेट विमानांत वापरतात तो लष्करी मानकाचा गोल कनेक्टर, ३८९९९ सिरीज-थ्री, घ्यावा म्हणतो, पण किंमत बघून घाम फुटला. घेतला तर प्रश्न नक्की सुटेल का?"

नक्की नाही. कनेक्टर बदलावा लागेल असं मलाही वाटतं. पण नुसता तेवढाच बदललात तर तीच चूक जास्त पैसे मोजून पुन्हा बसवाल.

मी कुठून बोलते आहे ते आधी सांगते. विमानाच्या हार्नेसच्या कामाला मला सत्तावीस वर्षं झाली. सुरुवात बेंचवर सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन केली, मग बरीच वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होते, आणि आता सातपूर, अंबड, सिन्नरच्या छोट्या युनिटांमध्ये क्रिम्पिंग, म्हणजे सोल्डर न करता पिन वायरीवर दाबून बसवणं, शिकवते. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत तिथे विमानं बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या लाइनवरच्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. तेव्हापासून गाड्यांचं काम करणाऱ्यांकडेही अशा चौकश्या येऊ लागल्यात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही.

तुम्ही विचारताय, "कोणता कनेक्टर?" माझा प्रश्न वेगळा आहे: केबल हलते तेव्हा तो धक्का शेवटी कोणाच्या अंगावर जातो? चांगल्या हार्नेसमध्ये धक्का केबलच्या बाहेरच्या आवरणातून क्लॅम्पमध्ये, तिथून बॅकशेलमध्ये (कनेक्टरच्या मागे बसणारं, केबल धरणारं कवच), मग कनेक्टरच्या धातूच्या कवचात आणि शेवटी बॉक्सच्या भिंतीत जातो. पिनेला त्याचा पत्ताही लागत नाही. तिचं काम फक्त वीज नेण्याचं. तुमच्या वर्णनात बॅकशेलचा शब्द नाही, पहिला क्लॅम्प किती अंतरावर आहे त्याचा उल्लेख नाही, केबल कशी बांधली तेही नाही. म्हणजे धक्का बहुतेक पिनाच खात असणार. कनेक्टरच्या मागची पहिली पंधरा-वीस सेंटिमीटर केबल हाच माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे.

गाडीच्या हार्नेसला मी कमी लेखत नाही. कसाऱ्याच्या घाटात दहा वर्षं टिकणारी जोडणी गंमत नव्हे. तुमच्याकडची ऑटोमॅटिक क्रिम्प मशीन्स सातत्याच्या बाबतीत आमच्या हातातल्या टूलपेक्षा सरसच असतील. फरक माराच्या प्रकारात आहे. खड्ड्याचा धक्का मोठा पण संथ असतो. जेट विमानातलं कंपन साधारण २० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलेलं असतं. त्यातली एकच २०० हर्ट्झची वारंवारता धरा. चाळीस मिनिटांत चार लाख ऐंशी हजार हेलकावे होतात. पहिल्या मिनिटाला ठीक असलेली जोडणी चाळिसाव्या मिनिटाला बिघडली, याचा अर्थ ती मुळात चुकीची जुळलेली नव्हती. ती झिजली तरी, किंवा थकली तरी.

झिजली की थकली, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. पुढच्या वेळी चॅनेल गेलं की शेकर थांबवा, पण कनेक्टर उघडू नका. मागची एकेक वायर लाकडी काडीने हळू हलवा. वायर हलवल्यावर सिग्नल येत-जात असेल तर वायरीच्या तारा तुटल्यात किंवा क्रिम्प ढिली आहे. वायर हलवून काहीच होत नसेल, पण कनेक्टर एकदा काढून पुन्हा लावल्यावर सिग्नल ठणठणीत परत येत असेल, तर पिन आणि सॉकेट जिथे भिडतात तो पृष्ठभाग खराब झालाय. याला फ्रेटिंग म्हणतात. काही मायक्रॉनच्या सरकण्यानेही कथिलाचा मुलामा घासला जातो, उघड्या पडलेल्या कथिलावर ऑक्साइड बसतं, ते पुन्हा घासलं जातं, आणि काळ्या भुकटीचा वीज न वाहणारा थर साचतो. गाडीच्या कनेक्टरमधल्या स्वस्त पिना बहुतेक कथिलाच्याच असतात. विमानाच्या कनेक्टरमध्ये निकेलवर सोन्याचा मुलामा देतात तो मुख्यतः यासाठी, सोन्यावर ऑक्साइड बसत नाही. आणि मल्टिमीटर लावायला तुम्ही कनेक्टर उघडलात त्याच क्षणी पिना घासून पुरावा पुसला गेला.

तसाही मल्टिमीटर इथे कामाचा नाही. तो सेकंदाला दोन-चार वेळा बघतो. ३८९९९ च्या कंपन चाचणीत एक मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त काळ संपर्क तुटला तर तो दोष धरतात. तुमच्याकडे ऑसिलोस्कोप असेलच. सगळ्या पिना एकापाठोपाठ एका साखळीत जोडा, त्यातून १०० मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह सोडा, दोन टोकांवर स्कोप लावून ट्रिगर ठेवा आणि शेकर सुरू करा. कुठलाही संपर्क क्षणभर सुटला तर पडद्यावर काटा उभा राहील. मग साखळी अर्धी अर्धी करत गेलात की दोषी पिन अर्ध्या तासात सापडते.

आता शेकरच्या मांडणीबद्दल, कारण निम्मे लोक इथेच फसतात. बॉक्स शेकरच्या टेबलावर बोल्टने आवळलेला, आणि त्यातून निघालेली केबल तशीच लोंबत बाजूच्या संगणकापर्यंत गेलेली. एक टोक नाचतंय, दुसरं जमिनीवर गप्प उभं. मधली सगळी केबल कनेक्टरच्या मागच्या बाजूला चाबकासारखी फटके मारते. विमानात असं होत नाही, तिथे बॉक्स, केबल आणि क्लॅम्प एकाच सांगाड्यावर एकत्र हलतात. म्हणून प्रत्यक्षात पहिला क्लॅम्प जितक्या अंतरावर असेल तितक्याच अंतरावर केबल शेकरच्या फिक्स्चरलाच, म्हणजे बॉक्स ज्यावर आवळलाय त्या पकडीलाच, बांधा आणि तिथून पुढे सैल झोळ देऊन बाहेर न्या. मी एका ठिकाणी पाहिलंय, अशा लोंबत्या केबलमुळे तीन महिने डिझाइन बदलत बसले होते. दोष डिझाइनमध्ये नव्हताच. पण उलटही होतं बरं का: काही हुशार लोक चाचणीपुरती केबल इतकी छान बांधतात की विमानात तशी बांधायला जागाच नसते. ते पास झाल्याचं प्रमाणपत्र काय कामाचं?

थंडीत तिसरं चॅनेल का जातं, याचा मला वाटणारा सर्वांत सरळ खुलासा वायरीत आहे. तुम्ही गाडीची वायर वापरली असेल तर ती बहुधा पीव्हीसी इन्सुलेशनची, उणे ४० ते १०५ अंशांची. म्हणजे तुमच्या अटींची दोन्ही टोकं तिच्या बाहेर आहेत. उणे ५५ ला पीव्हीसी लाकडासारखं ताठ होतं. कनेक्टरच्या मागे लगेच तीव्र वळण दिलेलं असेल तर ती ताठ वायर सरळ व्हायला बघते आणि पिनेला आडवी ढकलते. त्यात प्लास्टिकचं हाउसिंग धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, पिनेची जागाच सरकते. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागेतले ठिबकचे जुने पाइप कसे कडक होतात ते आठवा. हे त्याच्या साठ अंश खाली आहे.

तेव्हा कनेक्टरच्या आधी वायर बदला. एएस२२७५९ या विमानाच्या वायरींच्या मानकातल्या वायरी बघा. क्रॉसलिंक्ड ईटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक) इन्सुलेशन आणि चांदीचा मुलामा दिलेलं तांबं, ही २०० अंशांची जोडी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सुचवते. सोलायला बरी, हाताळायला चिवट. कथिलाचा मुलामा असेल तर १५० अंशांपर्यंत जाता येतं आणि तुमच्या कामाला तेही पुरेल. इंजिनाजवळ २६० अंशांसाठी निकेलचा मुलामा लागतो. चांदीच्या वायरीची एक खोड माहीत असू द्या: मुलाम्याला ओरखडा पडला आणि ओल लागली तर आतलं तांबं लालसर भुकटी होऊन कुजतं. आमच्या धंद्यात त्याला 'रेड प्लेग' म्हणतात. म्हणून रिळं कोरड्या जागी, टोकं झाकून ठेवा, आणि वायर सोलताना ब्लेडचा ओरखडा तारांवर दिसला तर ते टोक कापून टाका. "एकच तार तर कापली गेलीय" हे वाक्य मी चालवून घेत नाही.

कॅप्टॉन, म्हणजे पॉलिइमाइडचं इन्सुलेशन, याबद्दल कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. हलकं, पातळ, उष्णतेला जबरदस्त. पण इन्सुलेशन फाटून ओलाव्यात ठिणग्या पडल्या की ते जळून त्याचा कार्बन होतो आणि तो कार्बनच वीज वाहू लागतो. ठिणगी वायरीवरून पुढे सरकत शेजारच्या वायरीही घेते. अमेरिकन नौदलाने १९८० च्या दशकातच नव्या कामात ते वापरणं थांबवलं. आता पॉलिइमाइडची पट्टी आत आणि टेफ्लॉन बाहेर अशा मिश्र वायरी मिळतात, त्यांत हा धोका बराच कमी असतो. वायरिंगकडे बघायची नजरच १९९८ च्या स्विसएअर १११ अपघाताने बदलली. हॅलिफॅक्सजवळ २२९ माणसं गेली. कॉकपिटच्या छतामागे वायरीत ठिणगी पडून जवळच्या इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. अमेरिकेच्या विमान नियामकाने २००७ मध्ये वायरिंगसाठी स्वतंत्र नियम आणले. तोवर वायरिंग म्हणजे बसवा आणि विसरा असाच खाक्या होता.

क्रिम्पबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. मिगच्या काळातले रशियन गोल कनेक्टर, टू-आरएम जातीचे, सोल्डरचे होते. पिनेच्या मागे छोटी वाटी, त्यात वायर ठेवून कथिल भरायचं. माझ्या पिढीचे हात त्यावरच तयार झाले. पुढे क्रिम्पचे कनेक्टर आले तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना वाटायचं, हे नुसतं दाबलेलंय, टिकणार कसं? वीसेक वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमधला लॉट माझ्याकडे तपासायला आला. पुल टेस्टला, म्हणजे वायर पिनेतून ओढून बघायच्या चाचणीला, सगळ्या पिना पास, हव्या त्याहून कितीतरी जास्त ताण घेत होत्या. मी खूश होऊन सही केली. दोन महिन्यांनी वायरी तुटायला लागल्या, सगळ्या पिनेच्या मागे सहा-सात मिलिमीटरवर. तपासलं तर तिथल्या एका अनुभवी काकूंनी प्रत्येक क्रिम्पवर मजबुतीसाठी कथिलाचा एकेक थेंब सोडला होता. जीव लावून, स्वतःचा वेळ घालून. ते कथिल तारांमधून वर चढलं, लवचीक वायरीची ताठ काडी झाली आणि ताठपणा जिथे संपतो नेमकी तिथे ती मोडत गेली. द्राक्षाची काडी तारेला फार घट्ट आवळली तर वाऱ्यात ती बांधल्या जागीच मोडते, तसंच. त्या बाईंना कोणी कारण समजावलं नव्हतं. आणि 'पास' हा शिक्का माझा होता. पुल टेस्ट ताण मोजते, थकवा नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून क्रिम्पवर सोल्डर नाही. क्रिम्पचं टूल एम२२५२० जातीचं, रॅचेटवालं घ्या. पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही. प्रत्येक पिनेचा पोझिशनर, म्हणजे पिन टूलमध्ये योग्य जागी धरणारा भाग, वेगळा आणि वायरीच्या जाडीप्रमाणे सिलेक्टरचा आकडा वेगळा. तो आकडा चुकवणं ही नव्या शॉपमधली पहिल्या नंबरची चूक. दररोज सकाळी टूलला गो-नो-गो गेज (दाब बरोबर आहे का ते तपासायची मापपट्टी) लावा, नमुन्याच्या पाच पिना ओढून बघा. २२ गेजच्या चांदीच्या वायरीला किमान १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलोचा ताण यायला हवा, २४ गेजला ८ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या थोडा वर. पिनेच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून तारा दिसल्या पाहिजेत. इन्सुलेशनचं टोक आणि पिन यांत एखाद मिलिमीटरचीच फट असावी. इन्सुलेशन पिनेत घुसलेलं असेल तर क्रिम्प तांब्याला न धरता प्लास्टिकला धरते, आणि असली पिन टेबलावर हमखास पास होते.

आता आयपी६७ बद्दल. हा आकडा सांगतो की वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तर आत पाणी जाणार नाही. एक मीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे दहावा हिस्सा. विमान बारा किलोमीटरवर गेलं की बाहेरचा दाब जमिनीवरच्या पाचव्या हिश्शाहून कमी होतो. कनेक्टरमध्ये अडकलेली हवा कुठल्यातरी फटीतून, बऱ्याचदा वायरीच्या तारांमधल्या बारीक पोकळीतून, बाहेर पडते. उतरताना तोच दाब, मीटरभर पाण्याच्या आठपट, बाहेरची दमट हवा आत ढकलतो. दर उड्डाणाला एक श्वास. वर उणे पन्नासला गार झालेलं धातूचं कवच पावसाळ्यात खाली उतरलं की आतल्या हवेचं पाणी होतं. गरम पोळ्यांच्या डब्याला घट्ट झाकण लावलं की आत घाम सुटतो, तेच. फरक एवढाच की इथे दर खेपेला नवी वाफ येते आणि जुनं पाणी जात नाही.

यावर उपाय असतो तो साध्या शिस्तीचा. कनेक्टरच्या मागच्या रबरी ग्रोमेटला वायरीची ठरावीक जाडीच धरता येते. ३८९९९ मधल्या २२डी मापाच्या पिनेला ती ०.७६ ते १.३७ मिलिमीटर आहे. त्याहून बारीक वायर घातली तर सील नुसतं दिसायला. जाडी कमी पडते म्हणून वायरीवर हीट श्रिंक चढवून ती भोकात कोंबू नका. रिकाम्या भोकांत सीलिंग प्लग घालाच. हे प्लग कमी किमतीचे असल्यामुळेच विसरले जातात. कनेक्टरचं तोंड शक्यतो आडवं किंवा खाली ठेवा, आणि केबल आधी खाली झोळ घेऊन मग कनेक्टरकडे वर जाऊ द्या. घरात मीटरची वायर भिंतीत शिरण्याआधी इलेक्ट्रिशियन असाच झोळ देतो, पाणी टोकाशी ठिबकून जावं म्हणून.

या सगळ्यानंतर ३८९९९ सिरीज-थ्री. मला हा कनेक्टर मनापासून आवडतो. तो कंपनात का टिकतो ते समजून घ्या, म्हणजे पैसे कशाचे देताय ते कळेल. याची जोडणी आट्यांची आहे आणि आतल्या रॅचेटमुळे ती आपोआप सुटत नाही. पूर्ण आवळल्यावर दोन्ही कवचं धातूला धातू भिडतात, त्यामुळे आत पिना सरकायला जागाच उरत नाही. फ्रेटिंगचं मूळ कारण तिथे संपतं. कवच पुढे लांब असल्याने वाकडं लावताना समोरच्या पिना खरवडल्या जात नाहीत. भोवतीच्या स्प्रिंगच्या बोटांमुळे शिल्डची, म्हणजे केबलभोवतीच्या धातूच्या जाळीची, जोडणी पूर्ण गोलात होते. कनेक्टरच्या बॉक्सवर बसणाऱ्या अर्ध्या भागावर लाल पट्टा असतो. तो दिसत असेल तर कनेक्टर पूर्ण लागलेला नाही. शेकरवरून खाली आलेल्या तक्रारींमध्ये मी दोनदा नुसता लाल पट्टा बघून उत्तर दिलंय.

मुलामा निवडताना शेवाळी रंगाचा कॅडमियमचा प्रकार खाऱ्या धुक्याला ५०० तासांचा आणि १७५ अंशांचा असतो. निकेलचा २०० अंश घेतो, पण खाऱ्या धुक्यात ४८ तासांचाच. तुमच्या अटीत खारं धुकं आहे, तेव्हा निकेलचा घेऊ नका. गोव्याच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या विमानावर निकेल लावून पस्तावलेले लोक मला माहीत आहेत. कॅडमियम विषारी आहे, त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. कॅडमियम टाळायचं असेल तर काळा झिंक-निकेलचा प्रकार मिळतो. उपग्रहाचं काम आलं तर मात्र दोन्ही विसरा. निर्वातात कॅडमियम आणि जस्त उडून जातात आणि गार पृष्ठभागांवर, लेन्सवर जाऊन बसतात.

पहिल्यांदा घेणारे कनेक्टर मागवतात आणि बॅकशेल विसरतात. ती वेगळी वस्तू आहे, वेगळ्या पार्ट नंबरची, आणि बऱ्याचदा वेगळ्या पुरवठादाराकडची. माझ्या मते तुमच्या पैशांचा खरा मोबदला तिथेच आहे. केबलला पकडणारं आणि शिल्डला गोलाकार आवळणारं बॅकशेल घ्या, ते दिलेल्या टॉर्कला आवळा, हाताच्या अंदाजाने नको. शिल्डची वेणी करून एका पिनेला जोडायची सवय असेल तर ती सोडा. पाच सेंटिमीटरच्या अशा शेपटीचं इंडक्टन्स ५० नॅनोहेन्रीच्या आसपास असतं, १०० मेगाहर्ट्झला तो तीस ओहमचा अडथळा होतो. मग शिल्ड असून नसल्यासारखी. बॅकशेलच्या मागे वळणाची त्रिज्या बंडलच्या जाडीच्या दहापट तरी ठेवा, आणि दोन क्लॅम्पमधलं अंतर ६० सेंटिमीटरच्या आत. मधला भाग हाताने दाबला तर बारा-तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त झुकू नये, पण सतारीच्या तारेसारखा ताणलेलाही नको. प्लास्टिकचे टाय जोरात खेचून बांधलेले मला दिसले की मी कापायला लावते. लेसिंग टेपने, म्हणजे चपट्या दोरीने, वायरी बांधायला शिका, दोन दिवसांत हात बसतो.

उंचीवरच्या विद्युतदाबाचा प्रश्न तुमच्या बॉक्सला नाही, कारण तो २८ व्होल्टचा असणार. नोंद म्हणून सांगते: हवा विरळ झाली की ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि हवेत या कमीत कमी व्होल्टेजचा आकडा सुमारे ३२७ व्होल्ट आहे. २७० व्होल्ट डीसीचं काम आलं, तर त्यावरचे क्षणिक चढ धरून हा आकडा ओलांडला जातो. तेव्हा पिनांमधलं अंतर आणि आतली हवा यांचा वेगळा विचार करावा लागेल. आज नाही.

बऱ्याच गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि त्यांवर उत्तर बदलेल. बॉक्स दाबाच्या कप्प्यात आहे की पंखाखालच्या पॉडमध्ये? आत असेल तर कदाचित स्वस्त, बायोनेट जोडणीचा (थोडा फिरवून अडकवायचा) कनेक्टर किंवा मायक्रो-डी हा छोटा चौकोनी कनेक्टर भागवेल, आणि ३८९९९ म्हणजे मुंगी मारायला तोफ होईल. १२५ अंश हे खरंच तिथलं तापमान आहे की कोणीतरी जुन्या कागदावरून उतरवलंय? खरेदीदाराला हे विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा एकदा तो आकडा ७१ वर आला होता. चाचणी डीओ-१६० या नागरी विमानांच्या मानकाप्रमाणे आहे की जेएसएस ५५५५५ या भारतीय लष्करी मानकाप्रमाणे, आणि त्यातल्या कोणत्या वर्गाची, ते लेखी घ्या. ड्रॉइंगमध्ये पार्ट नंबर दिला असेल तर तुम्हाला निवडीचा अधिकारच नाही. बदल हवा असेल तर तो खरेदीदारामार्फत आणि प्रमाणीकरण करणाऱ्यांच्या संमतीनेच. पाच नग करायचेत की पाचशे, तेही महत्त्वाचं. पाचच असतील तर क्रिम्पचं टूल विकत न घेता भाड्याने किंवा कोणाकडून करून घेणं परवडेल. आणि कनेक्टर घ्याल तो प्रमाणपत्रासह, लॉट नंबरसह, अधिकृत विक्रेत्याकडून. हुबेहूब शेवाळी रंगाच्या नकला बाजारात फिरतात. रंग बघून काही कळत नाही.

आता क्रमाने. या आठवड्यात काही विकत घेऊ नका. केबल शेकरच्या फिक्स्चरला, विमानात पहिला क्लॅम्प येईल तितक्याच अंतरावर बांधा आणि तीच चाचणी स्कोप लावून पुन्हा करा. चॅनेल गेलं तर न उघडता वायर हलवून बघा, मग उघडून बघा. दोषी पिना काढून जपून ठेवा, क्रिम्प उभी कापून भिंगाखाली बघा. पिनेच्या टोकाला काळसर डाग दिसले तर कनेक्टर बदलावाच लागेल. तारा मागे तुटलेल्या दिसल्या तर वायर आणि बांधणी आधी. मला वाटतं दोन्ही निघेल, पण पैजेवर सांगणार नाही.

पिनांचे जवळून काढलेले फोटो आणि पहिल्या क्लॅम्पपर्यंतचं मोजलेलं अंतर कळवा. अंदाजाने नको, पट्टी लावून.